उपकेंद्रात गेल्यावर रजिस्टर शेवटी उघडा

आरोग्य उपकेंद्राच्या दारात तपासणीची जीप थांबली की पुढं काय होतं, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्स सिस्टरला, झोपेतून उठवून विचारा. सिस्टर कपाटातून आरसीएचचं (माता-बाल आरोग्याचं), लसीकरणाचं, स्टॉकचं, डिलिव्हरीचं अशी रजिस्टरांची चळत टेबलावर रचतात. आशाताई चहा सांगायला जाते. तपासायला आलेल्या मॅडम, म्हणजे सिस्टरच्या वरच्या पर्यवेक्षिका (एलएचव्ही), पानं उलटतात, लाल पेननं दोन-चार गोल करतात, भेट वहीत ‘रजिस्टर अपूर्ण, सुधारणा करावी’ असा शेरा लिहून सही ठोकतात. पाऊण तासात जीप पुढच्या गावाला.

याला आपण सुपरव्हिजन म्हणतो. खरं तर ही तपासणी, आणि तीही कागदाची. सिस्टर बीपी कसा घेतात, न रडलेलं बाळ त्यांच्या हातात आलं तर त्या पहिल्या मिनिटात काय करतात, यातलं काहीच त्या पाऊण तासात दिसत नाही. तपासणी नकोच, असं नाही. औषधाची मुदत संपलीय का, कचऱ्याच्या पिशव्या रंगाप्रमाणे आहेत का, हे बघावंच लागतं. पण ब्रिजिड प्रॉक्टर या ब्रिटिश बाईंनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आणि पुढं नर्सिंगनं ती उचलली. आपल्या भाषेत सांगायचं तर नियम पाळला जातो का ते बघणं, हात तयार करणं आणि माणूस सावरणं. आपल्याकडं पहिल्या कामातच दिवस मावळतो.

आधी वेळेचा हिशोब. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि ५,००० ला एक उपकेंद्र, म्हणजे एका एलएचव्हीकडं साधारण सहा उपकेंद्रं. किनवट-माहूरकडच्या आदिवासी भागात हेच निकष २०,००० आणि ३,००० असे आहेत. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एक भेट धरली तर सहा दिवस लागतात. मोहिमा, सभा, व्हिडिओ कॉन्फरन्स यातून सहा दिवस काढणं अवघड आहे, अशक्य नाही. मात्र एका दिवसात दोन-तीन उपकेंद्रं ‘उरकायची’ सवय मोडावी लागेल. एका भेटीला किमान तीन तास हवेत. तेवढे निघत नसतील तर महिन्याआड जा, पण तीन तास थांबा.

जायचं ते काम चालू असताना, म्हणजे लसीकरणाच्या किंवा गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी, आणि तेही आधी कळवून. अचानक धाड टाकल्यानं एवढंच समजतं की सिस्टर जागेवर होत्या की नव्हत्या. हजेरी हा वेगळा प्रश्न आहे, त्याच्या वाटा वेगळ्या आहेत. तो या भेटीत मिसळला की सिस्टर दिवसभर बचावाच्या पवित्र्यात राहतात आणि त्यांचा हात नेहमीसारखा चालत नाही.

पहिला तासभर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. सिस्टरच्या हातातला स्टेथोस्कोप ओढून घ्यायचा नाही. पेशंटसमोर चूक सांगायची नाही. पेशंटला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तेव्हाही ‘सिस्टर, आपण दोघी मिळून एकदा बघू’ एवढंच. गावात सिस्टरचा शब्द चालतो म्हणून बायका येतात. तो शब्द मॅडमनी चारचौघींत पाडला तर पुढच्या महिन्यात त्या बायका थेट तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दिसतील.

बीपीचंच घ्या. गरोदर मातांच्या रजिस्टरात पानंच्या पानं ११०/७० आणि १२०/८० नं भरलेली असतात. एवढ्या बायकांच्या बीपीचा आकडा शून्यावरच कसा संपतो, ही शंका रजिस्टर बघून येते, उत्तर मात्र हात बघितल्याशिवाय मिळत नाही. बाई उन्हातून वस्तीवरून चालत आलेली, स्टुलावर पाय लोंबकळत बसलेली, कफ ब्लाउजच्या बाहीवर गुंडाळलेला आणि हवा एका दमात सोडलेली. एवढी कारणं एकाच मोजणीत सापडू शकतात. बरोबर पद्धत सगळ्यांनी ट्रेनिंगमध्ये शिकलेली असते: पाच मिनिटं बसवणं, पाठीला टेकू, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, उघड्या दंडावर कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर कफ. आधी मनगटाची नाडी धरून ती जाते तो आकडा बघायचा, त्याच्या ३० वर नेऊन सेकंदाला २ मिलिमीटर या गतीनं हवा सोडायची. दोघींना एकाच वेळी ऐकता येईल असा दोन जोड्यांचा शिकवणीचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. नाहीतर थोड्या वेळानं त्याच दंडावर त्याच मशीननं आपण पुन्हा मोजायचं. दहापेक्षा जास्त फरक आला तर आधी मशीन बघा, कफ बांधण्याआधी काटा शून्यावर येतो का, रबर गळतंय का. हाताकडं त्यानंतर वळा.

पेशंट बाहेर गेल्यावर होणारं बोलणं साधारण असं असतं:

‘सिस्टर, आत्ता बीपी घेताना काही अडचण आली का?’

‘नाही मॅडम. जरा घाई झाली. बाहेर पंधरा जणी बसल्यात.’

‘कफ बाहीवर होता.’

‘हौ, बाही घट्ट होती. वर जाईना.’

‘मग काय करता येईल?’

‘पडद्यामागं घ्यावं लागंल. पण पडदा धुवायला नेला तो आलाच नाही मॅडम, दोन महिने झाले.’

इथं ‘बीपी चुकीच्या पद्धतीने घेतात’ असा शेरा मारला असता तर तो खरा ठरला असता आणि उपयोग शून्य झाला असता. त्या उपकेंद्राला पडदा हवा आहे. १४०/९० च्या वरची बाई त्या पडद्याअभावी निसटतेय. प्रश्न आधी विचारायचा आणि निदान नंतर करायचं ते यासाठी.

दुसऱ्या तासात एकच कौशल्य घ्यायचं. पाच घेतली तर एकही राहत नाही. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनची) तालीम हे चांगलं उदाहरण, कारण तोंडी विचारलं तर सगळ्या बरोबर सांगतात: पहिला डोस १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत, लगेच रेफर. आता घड्याळ लावा आणि करायला सांगा. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम असतो, म्हणजे दहा ॲम्प्युल फोडायची आणि २० मिली भरायचं. तालमीला डिस्टिल्ड वॉटर आणि उशी पुरते. घड्याळ चालू झालं की एकेक गोष्ट बाहेर पडते. १० मिलीची सिरिंजच नाही, सगळ्या २ आणि ५ च्या. सहा ॲम्प्युल ट्रेमध्ये, चार कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या सिस्टरकडं. मागच्या खेपेला आलेला माल २५ टक्क्यांचा, तिथं त्याच हिशोबानं दिलं तर निम्माच डोस जाणार. लांब २२ नंबरची सुई नाही, आणि बारीक छोट्या सुईनं औषध चरबीतच राहतं. १०८ ला फोन कोण लावणार ते ठरलेलं नाही. बाईला डाव्या कुशीवर कोण धरणार, तेही नाही. यातलं एकही ‘ज्ञानाचा अभाव’ या रकान्यात बसत नाही. तालीम संपल्यावर दहा ॲम्प्युल, १० मिलीच्या दोन सिरिंज, दोन लांब सुया आणि कापूस एका झिपच्या पिशवीत घालून वर मार्करनं ‘झटके’ लिहायचं. पीएचसीत पुढचे डोस देणार असतील तर त्या पिशवीत मॅगसल्फचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेटही हवं. आणि प्रत्येक डोसआधी गुडघ्याची उडी, मिनिटाला किमान १६ श्वास, चार तासांत किमान १०० मिली लघवी, या तीन गोष्टी पाहण्याची सवय.

ऑक्सिटोसिनमध्येही हीच गंमत. बाळंतपणानंतर आत दुसरं बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत, हे तोंडपाठ असतं. पण पुरवठ्यात येणारं ॲम्प्युल बहुधा ५ युनिटचं असतं आणि घाईत एकच फोडलं जातं. लेबल मोठ्यानं वाचायची सवय लावणं, एवढाच त्यावर इलाज. अंब्यू बॅग (बाळाला श्वास देण्याची हातानं दाबायची पिशवी) मात्र दर भेटीला हातात घ्यायची, कारण हा हात महिनाभरात गंजतो. मास्कवर तळवा दाबून बॅग दाबली की व्हॉल्व्हचा आवाज यायला हवा. मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि नजर बाळाच्या छातीवर. छाती उचलत नसेल तर जोर वाढवण्याआधी मान सरळ करायची, मास्क पुन्हा बसवायचा, तोंड साफ करायचं. बहुतेक हात उलट्या क्रमानं जातात, आधी जोर लावतात.

पार्टोग्राफबद्दल, म्हणजे कळा चालू असताना बाळाचे ठोके आणि गर्भाशयमुख किती उघडलं ते नोंदवायच्या आलेखाबद्दल, थोडं कडू बोलतो. डिलिव्हरीनंतर एका बैठकीत भरलेला पार्टोग्राफ लांबूनही ओळखू येतो. एकच शाई, एकच वळण, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला १४०, १४२, १४०, आणि गर्भाशयमुखाच्या खुणा नेमक्या अलर्ट लाइनवरून (सावध करणाऱ्या रेघेवरून) सरळ चढलेल्या. कुठलीच कळ इतकी आज्ञाधारक नसते. त्यावर रागावणं सोपं आहे. पण त्या रात्री लेबर रूममध्ये एकटी सिस्टर असेल, एक हात आईच्या पोटावर आणि एक ग्लोव्हमध्ये असेल, तर कागद मागं पडणारच. मग तिथं ‘पार्टोग्राफ वेळेवर भरा’ हे वाक्य कितव्यांदा लिहायचं? त्यापेक्षा पुढच्या एका डिलिव्हरीत ठोके मोजल्याबरोबर फक्त ठिपका द्यायला सांगा, पॅड टेबलाला दोरीनं बांधा, पेन त्याच दोरीला. बाकीचं लिखाण नंतर. जिवंत पार्टोग्राफ रेफर करायची वेळ सांगतो, मेलेला फक्त फाइल भरतो.

तिसऱ्या तासात रजिस्टर. आता त्याला अर्थ आहे, कारण हात बघून झालेत. सगळी पानं नकोत. पाच कार्डं काढा, त्यात दोन जोखमीच्या मातांची, आणि एका तरी बाईच्या घरी जाऊन विचारा, ‘सिस्टरनी तुम्हाला काय सांगितलं? गोळ्या किती उरल्यात?’ कार्ड, रजिस्टर आणि बाईचं तोंड या तिन्हींत जिथं मेळ बसत नाही तिथं बोट ठेवायचं.

भेट वहीतला शेरा लिहिताना दोन रकाने वेगळे ठेवा. सिस्टरच्या हातातल्या गोष्टी एका बाजूला, हातात नसलेल्या दुसऱ्या. ‘कफ उघड्या दंडावर बांधणे, आज तीन मातांवर सराव झाला, पुढील भेटीत पुन्हा बघणे’ हा पहिल्या रकान्यातला. ‘पडदा एक, १० मिली सिरिंज, २२ नंबर सुया, मेडिकल ऑफिसरांना सांगणे, जबाबदारी माझी, अमुक तारखेपर्यंत’ हा दुसऱ्यातला. दुसऱ्या रकान्यातली एक तरी गोष्ट पुढच्या भेटीआधी हलली पाहिजे. नाही हलली तर पहिल्या रकान्याबद्दल बोलायचा अधिकार आपण गमावतो, सिस्टर तोंडावर म्हणणार नाहीत एवढंच. पुढची भेट सुरू होते ती मागच्या पानापासून.

आणखी एक काम सुपरव्हायझरलाच जमतं. उपकेंद्रानं रेफर केलेली बाई मोठ्या दवाखान्यात गेली की पुढं काय झालं, हे खाली फारसं कळत नाही. मॅगसल्फ दिलं ते बरोबर होतं का, बाळ वाचलं का. एक फोन करून ते शोधायचं आणि सिस्टरला सांगायचं. वाईट झालं असेल तरीही.

कौशल्यांचा क्रम मराठवाड्याच्या वर्षाला जुळवून घ्यावा. जून-जुलैत पेरणी सुरू झाली की सर्पदंश. पीएचसीतल्या नर्सच्या हातातली गोष्ट म्हणजे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: २ मिली रक्त, नवी कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरपी. प्लॅस्टिकची नळी घेतली किंवा साबणानं धुतलेली वापरली की निकाल फसतो. घोणस-फुरसं असेल तर रक्त पातळ राहतं, नाग-मण्यारात मात्र गोठतं, म्हणून पापण्या जड होतायत का ते बघणं सुटता कामा नये. एप्रिल-मेमध्ये शीतसाखळी आणि ऑक्सिटोसिन: बहुतेक लेबलांवर २ ते ८ अंश लिहिलेलं असतं आणि लेबर रूमच्या ट्रेमध्ये दुपारभर ॲम्प्युल पडून असतात.

दसऱ्याआधीची भेट सगळ्यात महत्त्वाची. बीड जिल्हा आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्यात पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या बायकाही कोयत्यावर जातात. ‘स्थलांतरित’ एवढा शब्द लिहून रजिस्टरातली ओळ बंद करायची नाही. कोणता कारखाना, कोणता तालुका, मुकादमाचा नंबर, बाळंतपणाची अंदाजे तारीख, आणि जाईपर्यंत दिलेल्या लोहाच्या गोळ्यांची संख्या, एवढं त्या ओळीत हवं. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत कुलूपबंद करून न ठेवता बरोबर न्यायला सांगितलं का, हे सुपरव्हायझरनं स्वतः दोन घरी विचारावं.

मोठ्या दवाखान्याचा वॉर्ड ही वेगळी दुनिया. तिथं भेट अशी नसते, मेट्रन किंवा इनचार्ज सिस्टर रोजच असतात, आणि म्हणूनच कोणी कोणाचा हात बघत नाही. तिथं मी पाळी बदलतानाची दहा मिनिटं धरीन. हॅंडओव्हर टेबलावर न होता बेडपाशी व्हावा आणि इनचार्जनं फक्त ऐकावं. पाळीला एक धोक्याचं औषध निवडून बघावं. इन्शुलिन घ्या. आपल्याकडं मिलीला ४० युनिटच्या वायल (बाटल्या) आहेत आणि १०० युनिटच्याही, सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या वायलमधलं इन्शुलिन १०० च्या सिरिंजनं ‘२०’ च्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला आठच युनिट जातात. उलटं झालं, १०० ची वायल आणि ४० ची सिरिंज, तर ‘२०’ च्या खुणेला ५० युनिट. रात्री तीनला हे कोणाच्याही हातून होईल. ट्रेमध्ये एकाच प्रकारची जोडी ठेवणं हा उपाय, ‘काळजी घ्यावी’ हा नाही.

नवी अडचण पदांची आहे. सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) पंचविशीचे, एएनएम पन्नाशीच्या, आणि कागदावर उपकेंद्राचे प्रमुख सीएचओ. तिथं सीएचओनं ‘सिस्टर, तुम्ही’ सोडू नये, आणि शिकवण्याची सुरुवात सिस्टरकडून काहीतरी शिकून करावी. शीर सापडत नसलेल्या हाताला सलाईन लावणं तरी.

आता तिसरं काम, सावरण्याचं. आपल्याकडं मातामृत्यू झाला की अन्वेषण होतं, आणि नियमात दोष शोधू नये म्हटलेलं असलं तरी खाली भीतीच पोचते. त्या खोलीत कोणी रडत नाही, सगळे कागद जुळवतात. म्हणून सावरणं त्या बैठकीबाहेर व्हायला हवं. रक्तस्राव थांबवून बाई रवाना केली की त्याच दिवशी दहा मिनिटं: काय झालं, काय चांगलं झालं, आत्ता घरी कोण आहे, एवढंच. चूक कोणाची, ते त्या दिवशी नको.

याशिवाय चार ते सहा जणींचा गट, महिन्यातून एकदा पाऊण तास. चालवणारी व्यक्ती त्यांचा गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी, शेजारच्या पीएचसीची एलएचव्ही चालेल. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कोणाच्या जिवाला धोका असेल असं काही निघालं तर ते वर सांगावं लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. वेळ मासिक सभेच्या आधीची धरा. सभा संपली की सगळ्यांचं लक्ष शेवटच्या एसटीकडं असतं. पहिल्या दोन बैठकी पगार आणि बदल्यांवर जातील, जाऊ द्या, रद्द मात्र करू नका. नंतर कोणीतरी बोलायला लागते, आणि पुष्कळदा विषय पेशंटचा नसतो, रात्री लेबर रूममध्ये दार लावून एकटीनं थांबण्याचा असतो. तो नाव न घालता दुसऱ्या रकान्यात लिहायचा, मेडिकल ऑफिसरांपुढं ठेवायचा आणि रात्रीचा शिपाई कधी मिळणार त्याची तारीख मागून घ्यायची.